मधल्या वर्गातला डीएसएलआर पारखताना: तीन वाटा जुळतात का, ते आधी बघा

डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. त्यात लेन्समधून आलेला प्रकाश तीन ठिकाणी पोहोचतो. आरशावर आदळून तो वर पेंटाप्रिझम या काचेच्या लोलकामधून तुमच्या डोळ्यापर्यंत जातो. थोडा प्रकाश त्याच आरशाच्या मागे लपलेल्या छोट्या आरशावरून खाली वळतो आणि फोकस ठरवणाऱ्या सेन्सरवर पडतो. आणि बटण दाबून आरसा उचलला गेला की सगळाच प्रकाश सरळ मागे, फोटो टिपणाऱ्या मुख्य सेन्सरवर जातो. या तिन्ही वाटांची लांबी तंतोतंत सारखी असेल तरच जे दिसलं, ज्यावर फोकस केला आणि जे फोटोत उमटलं ते एकच असतं. एखादा आरसा केसभर जरी सरकला असेल तरी प्रत्येक फोटोत डोळ्यांऐवजी कान धारदार येतात, आणि माणूस वर्षभर स्वतःच्या हाताला दोष देत राहतो.

मेगापिक्सेलच्या तक्त्यात हे कुठंच लिहिलेलं नसतं. म्हणून कॅमेरा पारखायचा तो तक्त्यावर नाही, टेबलावर आणि उन्हात.

आता हे जास्तच महत्त्वाचं झालंय, कारण या वर्गातले बहुतेक सौदे वापरलेल्या कॅमेऱ्यांचे होतात. निकॉनचा डी७२०० हा २०१५चा, डी७५०० हा २०१७चा. कॅननचा ८०डी २०१६चा आणि ९०डी २०१९चा. त्यानंतर या वर्गात दोन्ही कंपन्यांनी नवा डीएसएलआर काढलेला नाही, सगळं लक्ष मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे गेलं. त्यामुळे नागपुरात बर्डीवरच्या दुकानात असो की ओळखीतल्या एखाद्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे, समोर येणारा कॅमेरा बहुधा काही वर्षं राबलेला असतो. चांगला डीएसएलआर आजही पैसे वसूल करून देतो, आरशातून थेट दिसणारं जिवंत दृश्य तर दुसरीकडे मिळतच नाही. पण पारखून घेतला तरच.

मधला वर्ग ओळखायची सोपी खूण म्हणजे वर उल्लेख केलेल्या चारही कॅमेऱ्यांत खरा काचेचा पेंटाप्रिझम आहे, व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, १०० टक्के चौकट दिसते, शटर, म्हणजे सेन्सरपुढचा पडदा, १/८००० सेकंदापर्यंत जातं, बोटाशी आणि अंगठ्याशी अशी दोन वेगळी चक्रं आहेत आणि लेन्सगणिक फोकस किंचित पुढेमागे करायची सोय आहे. त्याखालच्या डी५६०० किंवा ८००डीमध्ये आरशांचा पेंटामिरर असतो आणि चौकट ९५ टक्केच दिसते. कडेला उभा असलेला माणूस घेताना दिसत नाही आणि फोटोत मात्र येतो, तो याच उरलेल्या ५ टक्क्यांमुळे.

सोबत काय न्यायचं

स्वतःचं रिकामं कार्ड, यू३ ही वेगाची खूण असलेलं. ५० मिमी एफ/१.८ लेन्स, नसेल तर मित्राची मागून न्या, कारण कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सवर फोकसची चूक दिसत नाही, झाकली जाते. ट्रायपॉड, छोटा टॉर्च, वर्तमानपत्राचं एक पान, चिकटपट्टी, स्टीलची फूटपट्टी, हाताएवढा साधा आरसा आणि जमलं तर लॅपटॉप. हंगाम असेल तर एक पिकलेलं संत्रं. त्याचं काय करायचं ते पुढे येईल.

वेळ सकाळी ९ ते ११ ठेवा. मे महिन्यात तर त्याच्या पुढे जाऊच नका. या कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेली असते आणि आपल्याकडे दुपारी पारा ४५च्या पुढे जातो. तापलेल्या बॉडीवर केलेली चाचणी त्या कॅमेऱ्यावर अन्याय करते. शिवाय त्या उन्हात पडद्यावरचं काही धड दिसतही नाही.

चालू करण्याआधी

लेन्स काढा आणि माउंटची धातूची कडी बघा. वापराने आलेली चकाकी चालेल, पण एकाच बाजूला खोल चरा असेल तर जड लेन्स लावलेली असताना कॅमेरा आपटला असण्याची शक्यता आहे. मग त्याच कडीभोवतीचे आणि तळाचे स्क्रू बघा. डोकी सोलवटलेली असतील तर कॅमेरा आधी उघडला गेलाय. उघडणं हा गुन्हा नाही, पण कशासाठी उघडला होता ते विचारायला हवं, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर तिथंच थांबा.

बॅटरीचा कप्पा उघडून टॉर्चने आतले संपर्क बघा. हिरवट किंवा पांढरी पूड म्हणजे आत पाणी गेलं होतं. त्यानंतर पुढची एकही चाचणी करायची गरज नाही. पाणी गेलेला कॅमेरा आज चालतो आणि येत्या पावसाळ्यात बंद पडतो. पकडीचं रबर दाबून पाहा. ते फुगून सुटलेलं असेल तर उष्णतेने आणि घामाने गोंद गेलाय, इतकंच. दिसायला वाईट, पण बदलता येतं, त्यावर भाव कमी करून मागा. दोन्ही चक्रं एकेक खटका करत हळू फिरवा. आतून करकर आली तर जंगलातली धूळ आत बसलेली आहे. ताडोब्याच्या उन्हाळी सफारीला नियमित जाणाऱ्याचा कॅमेरा असेल तर हे आवर्जून बघायचं.

आता लेन्स लावा, कॅमेरा चालू करा आणि आधी व्ह्यूफाइंडरच्या शेजारचं लहानसं डायॉप्टरचं चक्र फिरवून आतले आकडे तुमच्या डोळ्याला स्पष्ट करून घ्या. दृश्य नव्हे, आकडे. हे न करता माणसं चांगले कॅमेरे ‘पुसट दिसतो’ म्हणून परत करतात. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे काळे कण मात्र मनावर घेऊ नका. ते फोकसिंग स्क्रीनवर बसलेले असतात, फोटोत येत नाहीत.

शटर किती वेळा उघडलंय

डी७२००चं शटर कंपनीने दीड लाख वेळा चालवून तपासलेलं आहे, ८०डीचं १ लाख आणि ९०डीचं १ लाख २० हजार. ही मुदत नव्हे, अंदाज आहे; काही शटर दुप्पट चालतात. पण दीड लाखाच्या शटरवर १ लाख ४० हजार झालेले असतील तर त्या कॅमेऱ्याचा भाव नव्या शटरचा खर्च वजा करूनच ठरवायचा.

निकॉनमध्ये हा आकडा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो. स्वतःच्या कार्डावर एक फोटो काढा, ती मूळ फाइल लॅपटॉपवर घ्या आणि एक्झिफ (फाइलमध्ये दडलेली फोटोची नोंद) वाचणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडा. विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो याला चालत नाही, पाठवताना ही माहिती गळून जाते. ८०डी किंवा ९०डीमध्ये आकडा फाइलमध्ये नसतो. कॅमेरा यूएसबी केबलने संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने तो वाचावा लागतो. फाइलच्या नावातला क्रमांक बघून अंदाज बांधू नका. ९९९९ नंतर तो पुन्हा ०००१ वर येतो, आणि मेनूमधूनही शून्यावर आणता येतो.

बॅटरीची माहितीही मेनूतच मिळते. निकॉनमध्ये बॅटरीचं वय ० ते ४ या मापात दिसतं, ० म्हणजे नवी आणि ४ म्हणजे बदलायला झालेली. कॅननमध्ये चार्ज धरण्याची ताकद तीन चौकोनांत दिसते, तिन्ही हिरवे म्हणजे ठीक. एकच लाल चौकोन उरला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे हिशेबात धरा.

फोकस: इथं वेळ घालवा

सगळ्या तपासणीतला निम्मा वेळ या एका चाचणीला दिला तरी चालेल. बाकीचे बहुतेक दोष डोळ्यांना दिसतात. हा दोष लपून राहतो.

वर्तमानपत्राचं पान भिंतीवर चारही कोपऱ्यांत घट्ट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, ५० मिमी लेन्स, अंतर साधारण अडीच मीटर. हे अंतर लेन्सच्या मिलिमीटरच्या ५० पट असावं, म्हणजे ८५ मिमीला सव्वाचार मीटर. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर आहे की नाही हे नजरेने कळत नाही. त्यासाठी तो हाताएवढा आरसा पानाच्या मधोमध भिंतीला सपाट टेकवून धरायला सांगा आणि व्ह्यूफाइंडरमधून बघा. आरशात तुमच्याच लेन्सचं काळं वर्तुळ अगदी मधल्या फोकस बिंदूवर दिसलं की कॅमेरा सरळ आहे. मग आरसा काढा.

ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/१.८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/२०० किंवा त्याहून जलद, दोन सेकंदांचा टायमर, लेन्समध्ये थरथर रोखण्याची सोय असेल तर ती बंद. मधला एकच फोकस बिंदू, एकदाच फोकस करून थांबणारी पद्धत.

१. लेन्सची कडी हाताने अनंतावर न्या, व्ह्यूफाइंडरमधून फोकस करा, फोटो काढा.
२. आता कडी सर्वात जवळच्या अंतरावर न्या, पुन्हा फोकस, पुन्हा फोटो. असे आलटून पालटून १० फोटो.
३. लाइव्ह व्ह्यू लावा, म्हणजे दृश्य मागच्या पडद्यावर दिसेल. तोच मजकूर पडद्यावर १० पट मोठा करून हाताने फोकस अचूक करा आणि २ फोटो काढा.
४. सगळे फोटो पूर्ण आकारात मोठे करून बातमीच्या बारीक अक्षरांची तुलना करा.

लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर गेलेला असतो आणि तुम्ही मुख्य सेन्सरवर पडलेलंच चित्र बघत असता, म्हणून ते दोन फोटो तुमचा मापदंड. व्ह्यूफाइंडरमधले दहाही फोटो त्याच्या जवळपास असतील तर तिन्ही वाटा जुळल्या. दहाही फोटो सारखेच थोडे पुसट असतील तर फोकस एका बाजूला सरकलेला आहे. कुठल्या बाजूला, ते बघायला फूटपट्टी टेबलावर ४५ अंशांत तिरकी ठेवा, १५ सेंटिमीटरच्या खुणेवर फोकस करा आणि कुठला आकडा धारदार आला ते पाहा. असा दोष मेनूतल्या सूक्ष्म फोकस समायोजनातून उणे २० ते अधिक २० या मापात दुरुस्त होतो. ५ ते ८च्या आत काम भागलं तर काळजी करू नका. प्रत्येक बॉडी आणि प्रत्येक लेन्स यांची जोडी थोडी वेगळीच निघते. पण १५च्या पुढे जावं लागलं आणि दुसऱ्या लेन्सवरही तसंच झालं, तर दोष बॉडीतला आहे, आरसा हललेला आहे.

आणि दहांपैकी चार चांगले, तीन पुढे, तीन मागे असं विखुरलेलं आलं तर? आधी पुन्हा उजेड वाढवून बघा. मग दुसरी लेन्स लावून बघा. तरीही तसंच आलं तर तो कॅमेरा सोडून द्या. एका बाजूला सरकलेला फोकस दुरुस्त करता येतो. विखुरलेल्या फोकसला मेनूत औषध नाही.

एक सावधगिरी. चाचणी पिवळ्या बल्बखाली करू नका. बल्बच्या प्रकाशात तांबड्याचा भाग जास्त असतो आणि फोकसचा सेन्सर त्याला थोडा वेगळा वाचतो, त्यामुळे चांगला कॅमेराही चुकलेला वाटतो. खिडकीजवळचा दिवसाचा उजेड सर्वात विश्वासाचा.

मध्यबिंदू उत्तीर्ण झाला की डावीकडचा आणि उजवीकडचा टोकाचा बिंदू घेऊन तीन-तीन फोटो काढा. डी७२०० आणि डी७५०० मध्ये ५१ बिंदू आहेत, ८०डी आणि ९०डी मध्ये ४५. एका टोकाचे बिंदू बरोबर आणि दुसऱ्या टोकाचे चुकत असतील तर मागचा छोटा आरसा तिरका झालाय.

ऊन हेच मोजमाप

नागपूरच्या स्वच्छ उन्हाचा एक मोठा फायदा असा की तो स्वतःच मापनयंत्र आहे. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० हे जुन्या फिल्मच्या काळापासूनचं प्रमाण आहे. आता सूर्य पाठीशी ठेवून उन्हातली एक साधी करडी भिंत किंवा रस्त्याचं डांबर निवडा, कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर घ्या आणि चार फोटो काढा: एफ/१६ ला १/१००, एफ/८ ला १/४००, एफ/४ ला १/१६०० आणि एफ/१.८ ला १/८०००. गणिताने चारही फोटोंत सारखाच प्रकाश पडतो. म्हणून चारही फोटोंचा मधला भाग सारखाच उजळ दिसायला हवा.

एफ/१.८ च्या फोटोत चारही कोपरे थोडे काळवंडतील, तो लेन्सचा स्वभाव आहे. पण लांब बाजूला लागून, वर किंवा खाली, आडवा काळसर पट्टा दिसला तर तो शटरचा दोष. शटरचे पडदे वरून खाली धावतात आणि १/८००० ला दोघांमध्ये अगदी बारीक फट उरते. एक पडदा किंचित मंद झाला की ती फट वाटेत अरुंद होत जाते. म्हणून थकलेलं शटर सगळ्यात आधी याच वेगाला पकडलं जातं. १/४००० ला पट्टा नाही आणि १/८००० ला आहे, अशी अवस्था म्हणजे दुखण्याची सुरुवात.

आता एफ/१६ वरच एकापाठोपाठ १० फोटो काढा. उजेड कमीजास्त होत असेल तर तेच १० फोटो लेन्स पूर्ण उघडून, म्हणजे एफ/१.८ वर काढा. पूर्ण उघडल्यावर फरक नाहीसा झाला तर शटर ठीक आहे, ॲपर्चरच्या पात्या किंवा त्यांना ढकलणारी दांडी अडकतेय. निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्सला बॉडीतली ही दांडी प्रत्यक्ष ढकलते, त्यामुळे तिथं दोष बॉडीचाही असू शकतो. दुसरी लेन्स लावली की लगेच कळतं.

खोलीत अंधार करून अंगचा फ्लॅश उघडा आणि १/२५० ला पांढऱ्या भिंतीचा एक फोटो घ्या. खालच्या बाजूला काळी पट्टी नको.

सेन्सरची स्वच्छता

एफ/१६, आयएसओ १००, स्वच्छ आकाशाकडे रोखा, फोकस हाताने सर्वात जवळच्या अंतरावर, आणि फोटो घेताना कॅमेरा थोडा हलवा. ढग किंवा भिंतीवरचे डाग हलल्याने पुसले जातात, सेन्सरवरचे तिथंच राहतात. करडे, पुसट कडांचे ठिपके म्हणजे धूळ. गडद मध्य आणि फिकट कडी असलेले गोल म्हणजे शटरमधून उडालेलं तेल. धूळ ब्लोअरने जाते, तेलाला ओली सफाई लागते. ठिपका शोधताना लक्षात ठेवा: समोरून सेन्सरकडे पाहिलं तर फोटोत वर दिसणारा डाग खाली असतो, डावा मात्र डावीकडेच.

सफाईसाठी आरसा वर धरून ठेवायची सोय मेनूतून लावायची असते, तीही बॅटरी भरलेली असतानाच. बॅटरी मध्येच संपली तर आरसा आणि शटर तुमच्या सफाईच्या काडीवर येऊन आदळतात.

मग लेन्सला टोपी लावा, व्ह्यूफाइंडरवर हात धरा आणि १/६० ला आयएसओ १०० वर एक फोटो काढा. तो पूर्ण काळा हवा. आता ३० सेकंद, आयएसओ ८००, लांब एक्स्पोजरचं नॉइज रिडक्शन (दाणे पुसण्याची सोय) बंद. इथं लाल, निळे, पांढरे काही ठिपके दिसतीलच. सेन्सर तापला की दर ६ ते ८ अंशांमागे हा गोंधळ साधारण दुप्पट होतो, त्यामुळे जानेवारीतली आणि मे महिन्यातली चाचणी सारखी निघणार नाही. घाबरायचं ते १/६० च्या फोटोत ठिपके दिसले तर.

संत्र्याची चाचणी

रंगाबद्दल फार बोललं जातं आणि फार कमी तपासलं जातं. एक पिकलेलं संत्रं पांढऱ्या कागदावर ठेवा आणि सकाळच्या थेट उन्हात जेपीईजी फोटो काढा. रंगाची शैली ‘स्टँडर्ड’, सावल्या आपोआप उजळणाऱ्या सगळ्या सोयी बंद, मीटर सांगेल तेच एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण).

मोठं करून साल बघा. खऱ्या सालीवर तेलाच्या बारीक बारीक खळग्या असतात, प्रत्येक खळगीला एका कडेला छोटी सावली. फोटोत उन्हाकडच्या बाजूला त्या खळग्या नाहीशा होऊन सपाट केशरी डाग उरला असेल तर लाल वाहिनी, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा हिस्सा, भरून ओसंडली आहे. गंमत अशी की साधा पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) त्या वेळी निर्धोक दिसतो, कारण तो तिन्ही रंगांची गोळाबेरीज दाखवतो. म्हणून प्लेबॅकच्या मेनूतून लाल, हिरवा, निळा असे वेगळे हिस्टोग्राम लावा. लाल उजव्या भिंतीला चिकटलेला दिसेल.

आता एक्स्पोजर उणे ०.३, उणे ०.७, उणे १ असं कमी करत फोटो घ्या. खळग्या कुठल्या आकड्याला परत आल्या? तो आकडा वहीत लिहा. बहुधा तो उणे ०.७ च्या आसपास निघेल. कॅमेरा घेतल्यावर झेंडूचे हार, भगवे फेटे, शेंदूर लावलेली मूर्ती, मारबतीच्या मिरवणुकीतली पिवळी मारबत या सगळ्यांना तुमच्या कॅमेऱ्यासाठी तोच आकडा चालतो. दोन कॅमेऱ्यांतून एक निवडायचा असेल तर ज्याच्या खळग्या लवकर परत येतात त्याचा जेपीईजी आपल्याकडच्या रंगांना सोसतो, असं बेलाशक धरा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल, काढणाऱ्याला एवढी चिंता नाही, रॉमध्ये लाल वाहिनीत सहसा थोडी जागा शिल्लक असते.

संत्र्यासोबत एखादी करवतकाठी टसर साडी किंवा बारीक विणीचं कापड मिळालं तर तेही टिपा. डी७२०० आणि डी७५०० मध्ये सेन्सरपुढे चित्र किंचित पुसट करणारी गाळणी नाही. तपशील त्यामुळे कडक येतो, पण विशिष्ट अंतरावरून बारीक विणीवर इंद्रधनुषी लाटा दिसू शकतात. दोन पावलं पुढेमागे झालं की बहुतेकदा जातात. कॅननच्या दोन्ही कॅमेऱ्यांत गाळणी आहे.

अंधार, सावल्या आणि वेग

आयएसओ तपासताना पडद्यावर शंभर टक्के मोठं करून बघत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४००० पिक्सेल. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंचांचं पान ३०० डीपीआयला ५४०० गुणिले ३६०० मागतं, आणि ए४ तर जेमतेम ३५०८ गुणिले २४८०. ८००, १६००, ३२०० आणि ६४०० या चार आयएसओंवर घरातल्या ट्यूबलाइटखाली माणसाचा चेहरा घ्या, शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि त्याहून जलद वेगाला चौकटीत पट्टे येऊ शकतात. मग ज्या आकारात तुम्ही छापता त्याच आकारात बघून आपली मर्यादा ठरवा.

सावल्यांसाठी दीक्षाभूमीच्या पांढऱ्या स्तूपासारखा विषय हवा: उन्हात चमकणारा घुमट आणि पुढे झाडाची दाट सावली. रॉमध्ये, आयएसओ १०० वर, घुमटाचे तपशील टिकतील इतकं एक्स्पोजर कमी ठेवा आणि लॅपटॉपवर सावली ४ स्टॉपने, म्हणजे १६ पट, उचला. उचललेल्या भागात फक्त दाणे दिसले तर ठीक, आडव्या-उभ्या रेघा दिसल्या तर नाही. निकॉनचे दोन्ही इथं भक्कम आहेत. कॅननमध्ये ७०डीपेक्षा ८०डी बराच सुधारलेला, म्हणून थोडे पैसे वाचवायला ७०डी घेणार असाल तर ही चाचणी चुकवू नका.

वेगाचा आकडा सेकंदाला किती, यापेक्षा दम किती टिकतो हे बघा. रॉ लावा, बटण दाबून धरा, आणि लय मंदावेपर्यंतचे फोटो मोजा. १४ बिटच्या रॉमध्ये डी७२०० सेकंदाला ६च्या वेगाने १८ फोटोंवर थकतो, म्हणजे ३ सेकंदांत. डी७५०० सेकंदाला ८ने ५०पर्यंत जातो. ८०डी ७ने आणि ९०डी १०ने, दोघेही साधारण २५ला थांबतात. वाघ रस्ता ओलांडतो तेव्हा जिप्सीतल्या सगळ्यांनी पहिल्याच पावलाला बटण दाबलेलं असतं, आणि तो तुमच्याकडे बघतो तो क्षण चौथ्या सेकंदाला येतो. जंगलासाठी घेणाऱ्याने डी७५०० चा दम वरचढ धरावा.

चालत्या विषयावरचा फोकस दुकानात तपासता येत नाही. रस्त्यावर या आणि सरळ तुमच्याकडे येणाऱ्या दुचाकीस्वारावर सलग फोकसने १५ फोटो घ्या, एफ/२.८ किंवा लेन्स उघडेल तितकं. दहा धारदार आले तर उत्तम.

कुणी कुठला घ्यावा

लग्नसमारंभ टिपणाऱ्याने डी७२०० घ्यावा. त्यात दोन कार्डांच्या जागा आहेत, एक कार्ड गेलं तरी दुसऱ्यावर फोटो राहतात. डी७५०० मध्ये कंपनीने ही दुसरी जागा काढून टाकली, आणि जुन्या एआय लेन्सवर उजेड मोजायची सोयही काढली. घरात वडिलांच्या काळातल्या हाताने फोकस होणाऱ्या निकॉन लेन्स असतील तर हे आधी लक्षात घ्या. व्हिडिओ आणि लाइव्ह व्ह्यू जास्त वापरणाऱ्याला ८०डी आणि ९०डी सोयीचे, त्यांचा सेन्सरवरचा फोकस झटके न देता सरकणारा आणि खात्रीचा आहे, पडदाही पूर्ण फिरतो. ९०डीचे ३२.५ मेगापिक्सेल मात्र चांगली लेन्स मागतात. किट लेन्सवर त्यांचा फायदा फारसा दिसत नाही, फाइल तेवढ्या जड होतात.

पैसे कमी पडत असतील तर बॉडी एक पिढी जुनी घ्या आणि लेन्स चांगली घ्या. उलटं करू नका.

बिल आणि पहिला आठवडा

बॉडीवरचा छापील क्रमांक, खोक्यावरचा आणि बिलावरचा, तिन्ही एकच हवेत. जीएसटीचं बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड नसलेला ‘नवा’ कॅमेरा बाहेरून आणलेला असतो, तो वापरलेल्याच्या भावातच तोला. वापरलेला घेताना सात दिवसांत परत करण्याची बोली कागदावर करून घ्या आणि त्या सात दिवसांत वरच्या फोकसच्या चाचण्या घरी, निवांत, स्वतःच्या सगळ्या लेन्सवर पुन्हा करा.

त्या आठवड्यात कॅमेरा कुठं ठेवता याकडेही लक्ष द्या. उन्हाळ्यात घराघरांत कूलर चालतो आणि कूलरची खोली गार असली तरी दमट असते. त्याच खोलीतल्या कपाटात लेन्स महिनोन्‌महिने पडून राहिल्या की पावसाळ्याआधीच काचेच्या आत बुरशीचे पांढरे धागे पसरायला लागतात. हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहू द्या. फार कोरडं झालं तर रबर आणि वंगण सुकतं. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर, पुन्हा निळे होईपर्यंत परतायचे आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात परत ठेवायचे. ती कढई मात्र नंतर स्वयंपाकाला वापरायची नाही.